इंजिन तयार झालं, पण डेटाबेस जोडला जात नाही: कुठून तपासायचं

लक्षणं

पायथन, एसक्यूएल अल्केमी (पायथनमधून डेटाबेस वापरायची लायब्ररी) आणि मागे पोस्टग्रेस, मायएसक्यूएल किंवा एसक्यूलाइट. अशा मांडणीत पुढच्यापैकी काही होत असेल तर वाचा:

- 'कान्ट लोड प्लगइन' असा संदेश येतो आणि त्यात शेवटी पोस्टग्रेसचं नाव असतं.
- तुमच्या लॅपटॉपवर सगळं चालतं, ग्राहकाच्या मशीनवर 'नो मॉड्यूल नेम्ड मायएसक्यूएलडीबी'.
- 'नो सच टेबल' येतं, आणि टेबल तर तुम्हाला डोळ्यांसमोर दिसतंय.
- लाइन गेली, आली, सर्व्हर आपोआप चालू झाला, पण ॲप्लिकेशन 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणून पडून आहे.
- रोज सकाळी पहिली क्वेरी पडते, पान पुन्हा उघडलं की चालते.
- गर्दीच्या वेळी अर्धा मिनिट सगळं थांबतं आणि मग 'क्यूपूल लिमिट' असा संदेश येतो.
- मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात.

मी नागपुरात लहान धंद्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. कळमन्याच्या फळबाजारातल्या अडत्यांचा हिशेब, वाडीतल्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या बिल्ट्या, नंदनवनातल्या कोचिंग क्लासची फी. ग्राहक बदलतो, पण फोन बहुतेक वेळा याच यादीतल्या एखाद्या गोष्टीसाठी येतो. आता मी ठरलेल्या क्रमानेच तपासतो: आधी फुकटचं आणि पाच मिनिटांचं, सर्व्हरला हात सगळ्यांत शेवटी. आज्ञा आणि नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती नेहमीच्या इंग्रजी अक्षरांतच करायची.

आधी बघा, प्रोग्राम कुठल्या ओळीवर पडला

'क्रिएट_इंजिन' ही ओळ बिनतक्रार चालली म्हणजे डेटाबेस जोडला गेला, असा समज मला जवळजवळ प्रत्येक नव्या मुलामध्ये दिसतो. ती ओळ तीनच कामं करते: पत्ता वाचते, त्यातल्या नावावरून डायलेक्ट, म्हणजे त्या डेटाबेसची बोली, शोधते आणि ड्रायव्हर, म्हणजे डेटाबेसशी प्रत्यक्ष बोलणारं पॅकेज, आयात करते. सर्व्हरकडे ती जातच नाही. खरी जोडणी होते ती पहिली क्वेरी येते तेव्हा.

तपासाला याचा फार उपयोग होतो. प्रोग्राम इंजिनच्या ओळीवरच पडला, तर दोष तुमच्या बाजूला आहे: पत्त्याचं स्पेलिंग, ड्रायव्हर किंवा पायथनचं वातावरण. ती ओळ पार करून नंतर पडला, तर दोष सर्व्हरमध्ये, वाटेत, परवानगीत किंवा पत्त्यातल्या होस्ट, पोर्ट, पासवर्ड, फाइलच्या मार्गात आहे. निम्मं काम एवढ्यातच होतं. लोक हे न बघता थेट पासवर्ड बदलायला जातात, आणि मग एकाचे दोन दोष होतात.

संदेशाची शेवटची ओळही नीट वाचा. एसक्यूएल अल्केमीच्या स्वतःच्या चुकीच्या नावापुढे कंसात ड्रायव्हरचं नाव आलेलं असेल, तर लायब्ररी फक्त निरोप पोचवतेय, बोलणारा ड्रायव्हर किंवा सर्व्हर आहे. अशा वेळी लायब्ररी काढून पुन्हा टाकण्यात अर्थ नाही.

मी माझ्या प्रत्येक प्रोग्राममध्ये इंजिन तयार झाल्याबरोबर 'सिलेक्ट १' चालवून बघतो. ही एक ओळ नसेल तर चूक दुपारी बारा वाजता, बिलाच्या रांगेत माणसं उभी असताना कळते. असेल तर सकाळी दुकान उघडताना कळते.

पत्त्याची ओळ अक्षर न् अक्षर वाचा

पैसे शून्य, वेळ दोन मिनिटं. म्हणून दुसरा क्रमांक.

पहिलं, नाव. डायलेक्टचं नाव 'पोस्टग्रेसक्यूएल' असं पूर्ण लिहायचं. जुन्या आवृत्त्यांत नुसतं 'पोस्टग्रेस' चालायचं; २०२१ साली आलेल्या १.४ मध्ये ते काढून टाकलं. काही होस्टिंग सेवा अजूनही पत्ता जुन्या नावानेच देतात. लायब्ररी अपग्रेड केली आणि 'कान्ट लोड प्लगइन' सुरू झालं, तर कारण बहुधा हेच.

दुसरं, पासवर्डमधलं ॲट चिन्ह. पत्त्यात ॲट चिन्हाच्या आधी नाव आणि पासवर्ड असतो, नंतर सर्व्हरचं नाव. पासवर्डमध्येच ते चिन्ह असलं की पासवर्ड तिथेच तुटतो आणि उरलेला तुकडा सर्व्हरच्या नावाला चिकटतो. एका क्लासच्या फीच्या प्रोग्राममध्ये मी हा घोळ पाहिला. 'होस्ट सापडत नाही' असा संदेश बघून तिथल्या मुलाने दोन दिवस नेटवर्क तपासलं होतं, आणि न सापडणाऱ्या त्या होस्टच्या नावात पासवर्डचा अर्धा भाग स्पष्ट दिसत होता. उपाय दोन. त्या चिन्हाच्या जागी टक्का-४० लिहा, नाहीतर पत्ता हाताने जोडूच नका, 'यूआरएल.क्रिएट' वापरून नाव, पासवर्ड, होस्ट वेगवेगळे द्या. मला दुसरा बरा वाटतो, कारण उद्या पासवर्डमध्ये तिरकी रेघ किंवा अपूर्णविराम आला तरी काही अडत नाही.

तिसरं, पोर्ट. पोस्टग्रेसचा ५४३२, मायएसक्यूएलचा ३३०६. एका प्रोग्रामची सेटिंग उचलून दुसऱ्यात टाकली की हा आकडा तसाच राहून जातो.

ड्रायव्हर आहे का, आणि त्याच पायथनमध्ये आहे का

एसक्यूएल अल्केमी स्वतः डेटाबेसशी बोलत नाही, ड्रायव्हरकडून बोलून घेते. पत्त्यात ड्रायव्हरचं नाव दिलं नाही तर ती ठरलेला ड्रायव्हर शोधते. मायएसक्यूएलसाठी तो 'मायएसक्यूएलक्लायंट', आणि आयात होताना त्याचं नाव 'मायएसक्यूएलडीबी'. तुम्ही टाकलेला असतो 'पायमायएसक्यूएल'. म्हणून मॉड्यूल नाही असं ती म्हणते, आणि ते खरं असतं. पत्त्यात मायएसक्यूएल, अधिक चिन्ह, पायमायएसक्यूएल असं लिहिलं की झालं.

एसक्यूएल अल्केमी २.० पर्यंत पोस्टग्रेससाठी ठरलेला ड्रायव्हर 'सायकोपीजी२'. तो स्रोतापासून बांधायला गेलात आणि 'पीजी_कॉन्फिग' सापडत नाही असं आलं, तर मशीनवर पोस्टग्रेसच्या हेडर फाइल नाहीत. लहान कामासाठी 'सायकोपीजी२-बायनरी' टाका आणि पुढे चला. नवा 'सायकोपीजी', म्हणजे तिसरी आवृत्ती, वापरायची असेल तर एसक्यूएल अल्केमी किमान २.० लागते, आणि २.० मध्ये पत्त्यात अधिक चिन्हानंतर त्याचं नाव द्यावं लागतं.

आता सर्वांत जास्त वेळ खाणारी गोष्ट. ड्रायव्हर आहे, पण दुसऱ्याच पायथनमध्ये. टर्मिनलवर आभासी वातावरण, म्हणजे त्या प्रोग्रामपुरता वेगळा पायथन, चालू असतं, म्हणून तिथे सगळं चालतं. क्रॉन (ठरलेल्या वेळी प्रोग्राम चालवणारं) किंवा सर्व्हिस (मागे आपोआप चालणारा प्रोग्राम) मात्र यंत्राचा मूळ पायथन वापरते, आणि त्यात काहीच नसतं. प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत 'सिस.एक्झिक्युटेबल' छापा आणि जिथे बिघाड होतो तिथूनच, म्हणजे सर्व्हिसमधूनच, चालवून बघा. तिथे आलेला मार्ग वापरून, त्याच पायथनला 'उणे एम पिप' सांगून ड्रायव्हर टाका. नुसतं 'पिप' लिहिलं तर ते कुठल्या पायथनचं आहे याची खात्री नसते.

एसक्यूलाइट असेल तर फाइल कुठली उघडली ते बघा

एसक्यूलाइटला सांगितलेली फाइल सापडली नाही तर ती तक्रार करत नाही. नवी, रिकामी फाइल तयार करते. मग तुम्ही टेबल मागता आणि ती खरेपणाने सांगते की टेबल नाही.

पत्त्यात तीन तिरक्या रेघा म्हणजे प्रोग्राम ज्या फोल्डरमधून सुरू केला तिथून मोजलेला मार्ग. लिनक्सवर चार रेघा म्हणजे मुळापासूनचा पूर्ण मार्ग. डेस्कटॉपच्या शॉर्टकटवरून, क्रॉनमधून, सर्व्हिसमधून प्रोग्राम सुरू झाला की चालू फोल्डर बदलतो, आणि दर वेळी वेगळ्या जागी एक पोरकी फाइल जन्माला येते. एका अडत्याकडे मला एकाच नावाच्या तीन फाइल मिळाल्या. दोन शून्य बाइटच्या, एक खरी. त्यांचे दिवाणजी काळजीने विचारत होते, "भाऊ, सीझनचा सगळा हिशेब गेला का?" काहीही गेलं नव्हतं. मात्र खरी फाइल सापडेपर्यंत त्या माणसाचा चेहरा बघवत नव्हता. तेव्हापासून मी मार्ग नेहमी प्रोग्रामच्या फाइलच्या जागेवरून काढून पूर्ण लिहितो.

फाइल बरोबर आहे आणि तरी टेबल नाही? मग टेबलं बनवणारं 'क्रिएट_ऑल' चालवण्याआधी मॉडेलांच्या, म्हणजे टेबलांचं वर्णन करणाऱ्या क्लासांच्या, फाइल आयात झाल्या होत्या का ते बघा. मेटाडेटाला जी मॉडेलं माहीत आहेत त्यांचीच टेबलं ती बनवते. आयात न झालेल्या मॉडेलचं टेबल ती गुपचूप सोडून देते. पोस्टग्रेसवरही हे असंच होतं.

सर्व्हर जागा आहे का

इथपर्यंत तुम्ही कोणाच्याही सर्व्हरला हात लावलेला नाही. आताही फक्त बघायचंय.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' आणि 'टाइम्ड आउट' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिफ्यूज्ड म्हणजे बहुतेक वेळा तुम्ही मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही: सर्व्हर बंद आहे, पोर्ट चुकलाय किंवा तो फक्त स्वतःच्या मशीनपुरता ऐकतोय. टाइम्ड आउट म्हणजे उत्तरच आलं नाही: आयपी चुकलाय किंवा फायरवॉलने पाकीट टाकून दिलं. पोस्टग्रेस मुळात फक्त 'लोकलहोस्ट'वर ऐकतो. दुसऱ्या मशीनवरून जोडायचं तर 'लिसन_ॲड्रेसेस' (कुठे ऐकायचं) आणि 'पीजी_एचबीए' (कोणाला आत घ्यायचं) या दोन्ही जागी बदल लागतो. एकाच जागी केला तर भागत नाही. सर्व्हर तयार आहे का हे बघायला 'पीजी_इजरेडी' ही आज्ञा पुरते.

मायएसक्यूएलमध्ये, लिनक्सवर, 'लोकलहोस्ट' आणि १२७.०.०.१ एकच नाहीत. मायएसक्यूएलक्लायंट पहिल्यासाठी त्याच मशीनवरची सॉकेट फाइल वापरतो, दुसऱ्यासाठी नेटवर्कवरून जातो. सॉकेट फाइल सापडत नाही असा संदेश आला तर आकड्यांचा पत्ता देऊन बघा.

आता आपल्याकडची खास अडचण. मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, दुपारनंतर वादळ सुटतं आणि लाइन जाते. यूपीएस दम तोडतो, सर्व्हर धाडकन बंद. लाइन आली की यंत्र आपोआप चालू होतं, आणि फोन येतो: "भाऊ, लाइन तर आली, सॉफ्टवेअर काहून चालून नाही राह्यलं?"

होतं असं. पोस्टग्रेस अचानक बंद पडला असेल तर पुन्हा उठताना तो आधी आपली नोंदवही, म्हणजे वॉल, वाचून अर्धवट राहिलेलं काम पूर्ण करतो. तोवर जोडणी मागणाऱ्याला 'द डेटाबेस सिस्टम इज स्टार्टिंग अप' असं उत्तर मिळतं. तुमचं ॲप्लिकेशन त्याच्या आधी उठलेलं असतं, एकदा विचारतं, नकार मिळतो आणि मरतं. दोष कशातच नाही, फक्त घाई झाली.

सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणाऱ्या व्यवस्थेच्या) सर्व्हिस फाइलमध्ये 'आफ्टर' लिहून क्रम लावा, पण तेवढ्यावर थांबू नका, कारण डेटाबेस दुसऱ्या मशीनवर असला तर तो क्रम कामाचा नाही. सुरुवातीच्या त्या 'सिलेक्ट १'ला तीन-तीन सेकंदांनी वीस वेळा प्रयत्न करू द्या. हे प्रयत्न फक्त 'रिफ्यूज्ड' आणि 'स्टार्टिंग अप' यांच्यासाठी. पासवर्ड चुकला असेल तर तो विसाव्यांदाही चुकणारच, तिथे लगेच थांबून स्वच्छ संदेश द्या. डॉकर वापरत असाल तर नुसतं 'डिपेंड्स_ऑन' कंटेनर चालू होण्याचा क्रम लावतं, आतला डेटाबेस तयार होण्याची वाट बघत नाही. त्यासाठी हेल्थचेक आणि 'सर्व्हिस_हेल्दी' ही अट लागते.

पासवर्ड आणि परवानगी

'पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड' हा पासवर्डचा दोषच नाही. पोस्टग्रेस तिथे लिनक्सचा वापरकर्ता आणि डेटाबेसचा वापरकर्ता एकच आहे का ते बघतो. पत्त्यात होस्ट दिला की जोडणी नेटवर्कवरून जाते आणि सहसा पासवर्ड विचारला जातो.

मायएसक्यूएलमध्ये खातं म्हणजे नाव अधिक जागा. एकाच नावाचं 'लोकलहोस्ट'चं खातं आणि बाहेरच्या मशीनचं खातं ही दोन खाती आहेत, त्यांचे पासवर्डही वेगळे असू शकतात. ८.० पासून पासवर्ड तपासायची मूळ पद्धतही बदलली. पायमायएसक्यूएलने 'क्रिप्टोग्राफी' पॅकेज मागितलं तर ते टाका, तक्रार तेवढीच असते.

डॉकरच्या पोस्टग्रेसमध्ये एनव्हायर्नमेंट फाइलमधला पासवर्ड बदलून उपयोग होत नाही. डेटा फोल्डर रिकामा असताना, म्हणजे अगदी पहिल्या वेळीच, तो वाचला जातो. नंतर 'आल्टर यूजर'नेच बदलायचा. व्हॉल्यूम पुसून 'दुरुस्त' करू नका. त्याच्यासोबत सगळा डेटा जातो.

रोज सकाळी पहिली क्वेरी पडते

मायएसक्यूएल रिकामी बसलेली जोडणी २८,८०० सेकंदांनी, म्हणजे आठ तासांनी तोडतो. दुकान रात्री नऊला बंद, सकाळी दहाला उघडतं. तेरा तास झाले. पूलला, म्हणजे इंजिनने पुन्हा वापरायला ठेवलेल्या उघड्या जोडण्यांच्या साठ्याला, वाटतं जोडणी अजून जिवंत आहे, तो तीच देतो आणि 'सर्व्हर हॅज गॉन अवे' येतं. ८.०.२४ पासून याच जागी ४०३१ क्रमांकाची चूकही दिसते. इंजिन बनवताना 'पूल_प्री_पिंग' ट्रू करा. जोडणी हातात देण्याआधी ती जिवंत आहे का हे पूल बघेल. त्यासाठी लागणारा वेळ लहान धंद्याच्या कामात जाणवतही नाही.

गर्दीत थांबतं: पूलचा हिशेब

हे तपासायला कोड वाचावा लागतो, म्हणून एवढ्या खाली. पूलमध्ये मुळात पाच जोडण्या, गर्दीत जास्तीच्या दहा. पंधरा संपल्या की सोळावा तीस सेकंद वाट बघतो आणि मग चूक येते. आता तुम्ही आठ वर्कर, म्हणजे ॲप्लिकेशनच्या आठ प्रोसेस, लावलेत. प्रत्येकाचा पूल वेगळा, म्हणजे एकशेवीसपर्यंत जोडण्या. पोस्टग्रेस मुळात शंभरच देतो, त्यातल्या तीन प्रशासकासाठी राखीव. आकडा वाढवण्याआधी हा गुणाकार करा.

पण मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी गुणाकारापर्यंत जायची गरजच पडली नाही. कोणीतरी 'क्रिएट_इंजिन' एका फंक्शनच्या आत लिहिलेलं असतं, प्रत्येक विनंतीला नवं इंजिन, नवा पूल. किंवा सेशन उघडून बंदच केलेली नसते. इंजिन एका प्रोसेसमध्ये एकदाच, सेशन 'विथ'च्या आत, एवढं केलं की बहुतेक तक्रारी मिटतात. वर्कर फोर्क होण्याआधी, म्हणजे मूळ प्रोसेसची नक्कल होऊन तो बनण्याआधी, इंजिनने जोडणी उघडली असेल, तर तीच जोडणी दोन प्रोसेस वापरतात आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला जाऊ शकतं. हिशेबाच्या प्रोग्राममध्ये हे फार वाईट. फोर्कने बनलेल्या नव्या प्रोसेसमध्ये आधी 'डिस्पोज', त्याला 'क्लोज फॉल्स' देऊन, मग बाकीचं काम.

प्रश्नचिन्हं

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं. मायएसक्यूएलच्या जुन्या 'यूटीएफ८'मध्ये ते मावतं, चार बाइटचं इमोजी मावत नाही. प्रश्नचिन्हं येतात ती टेबल किंवा जोडणी 'लॅटिन१'वर असली की, आणि ५.७ पर्यंत मूळ सेटिंग तेच होतं. पत्त्यात कॅरसेट 'यूटीएफ८एमबी४' द्या आणि टेबलही तेच करा, आधी बॅकअप घेऊन. एक गोष्ट ग्राहकाला स्पष्ट सांगा: प्रश्नचिन्ह म्हणून साठवलं गेलेलं नाव परत येत नाही. ते मूळ कागदावरून पुन्हा टाइप करावं लागतं. म्हणून हे लक्षण दिसलं की त्याच दिवशी नवी नोंद थांबवा.

इथे हात काढा आणि जाणकाराला बोलवा

सर्व्हरच्या लॉगमध्ये 'इनव्हॅलिड पेज', 'कुड नॉट रीड ब्लॉक', 'पॅनिक' आणि चेकपॉइंट सापडत नाही, किंवा एसक्यूलाइटमध्ये 'डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड' दिसलं तर प्रश्न जोडणीचा राहिलेला नाही, डेटाचा झालाय. डेटाबेस बंद करा, पूर्ण डेटा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा आणि थांबा. एसक्यूलाइटच्या फाइलशेजारी जर्नल किंवा वॉल फाइल असेल तर तीही सोबत घ्या. कचरा समजून ती पुसली तर वाचू शकणारा डेटाही जातो.

पुढच्या गोष्टी शोधात सहज सापडतात, पण स्वतः करू नका. 'पीजी_रीसेटवॉल' चालवणं. मायएसक्यूएलचं 'फोर्स रिकव्हरी' चार किंवा वर नेणं. त्याने डेटा कायमचा बिघडू शकतो. 'पोस्टमास्टर.पीआयडी' पुसणं. ही फाइल एकाच डेटावर दोन सर्व्हर चढू नयेत म्हणून असते. एका ठिकाणी वीज आल्यावर कोणीतरी ती घाईत पुसली, पहिला सर्व्हर चालूच होता, आणि त्या आठवड्याच्या बिल्ट्या कागदी पुस्तकांवरून पुन्हा भराव्या लागल्या.

जोडणी होत नाही म्हणून 'पीजी_एचबीए'मध्ये सगळ्यांना 'ट्रस्ट', म्हणजे पासवर्डशिवाय प्रवेश, द्यावंसं वाटलं किंवा ५४३२ पोर्ट साऱ्या इंटरनेटला उघडावासा वाटला, तरीही थांबा. आणि सर्व्हर तुमचा नसेल, तर वरची पाचवी-सहावी तपासणी फक्त बघण्यापुरती. बदल ज्याचा सर्व्हर त्याच्याकडूनच करून घ्या.

डेटाबेसच्या माणसाला फोन करताना हे तयार ठेवा: डेटाबेस, लायब्ररी आणि ड्रायव्हरच्या आवृत्त्या, लाइन गेली त्या वेळेपासूनचा सर्व्हरचा लॉग, कापछाट न करता, शेवटचा बॅकअप कधीचा आणि तो कुठे आहे, आणि तुम्ही आतापर्यंत टाइप केलेल्या सगळ्या आज्ञा, टाइप केल्या त्याच क्रमाने.